चॉकलेटचे उत्तमचंद शेठ

माणसाने कधीतरी स्वतःला भेटलं पाहिजे, असं व्याख्यानांत पुष्कळ सांगतात. आपण माना डोलावतो, घरी येतो आणि जेवून झोपतो. नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी उत्तमचंद शेठ यांनीही आजवर तेच केलं होतं. पण योग कुणाला चुकलाय? एप्रिलच्या एका रणरणत्या दुपारी त्यांची स्वतःशी गाठ पडली, आणि तीही नवापूरच्या पुढे, सुरतेच्या हायवेला लागून असलेल्या चॉकलेटच्या संग्रहालयात.

चॉकलेटचं संग्रहालय म्हणजे काय, हे नंदुरबारात कुणालाच धड माहीत नव्हतं, त्यामुळे सल्ले भरपूर मिळाले. व्यवस्थापक हिंमतराव यांचा फोन आला होता तो एवढाच, की शेठ, तुमच्या मिरच्या आम्ही चॉकलेटात घालतो, त्या दालनात तुमचा सन्मान केलाय, येऊन बघून जा. मागे एकदा एक फोटोग्राफर पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळत घालतात त्या मैदानावर, येऊन शेठांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून गेला होता. अगदी मागूनसुद्धा. शेठांना तो पेपरवाला वाटला होता, आणि मागूनही काढतोय त्या अर्थी मोठ्या पेपरचा असणार, असा त्यांचा कयास होता. तेव्हा भिंतीवर आपली तसबीर लागली असणार, हे त्यांनी धरून टाकलं. तसबिरीला हार नसावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

शेजारचे शौकतभाई लाकडाचे कारागीर. त्यांच्याकडे एक छोटा टेम्पो होता आणि प्रत्येक विषयावर मत होतं. "आपला टेम्पो शे ना शेठ. रेल्वेनी कसाले जातस?" असं म्हणून त्यांनी तो प्रश्न मिटवला. त्यांची बायको सलीमाभाभी हिने शाल घ्यायला सांगितली. शेठांच्या पत्नी लाडकंवरबाई यांनी मात्र दारातच अडवून एकच ताकीद दिली. "तठलं काही खावानं नही."

ह्या ताकिदीला कारण होतं. शेठांचं घर राजस्थानातून आलेलं जैन घर. पिढ्या लोटल्या, आता देवपूजा मारवाडीत आणि भांडण अहिराणीत चाले, पण नेम सुटले नव्हते. त्यातला एक असा, की जीवाचा आकार दिलेली वस्तू खायची नाही. साखरेचा हत्ती असो की बिस्किटाचा मासा, दात लावताना मन म्हणतं, मी हत्ती खाल्ला. मनाने म्हटलं म्हणजे झालंच की पाप. हत्तीला लागो न लागो.

संग्रहालय म्हणजे पूर्वीची कोंबड्यांची शेड होती. कोंबड्यांच्या रोगाच्या साथीत ती एका आठवड्यात रिकामी झाली आणि पुढे कितीतरी दिवस तशीच पडून राहिली, म्हणून सुरतेच्या कुणा हौशी माणसाला स्वस्तात मिळाली. वरून पत्रा, आतून थंडगार, भिंती काळ्या, दिवे निळे. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत शेठांच्या तोंडातून वाफ निघत होती. सगळीकडे कोकोचा गोड वास होता, पण त्या वासाखाली आणखी एक वास होता, जुना, पिसांचा. शौकतभाईंनी दोन्ही वास घेतले आणि ते म्हणाले, "मी आठेच थांबस. तुम्ही देखी या."

शेठ एकटेच आत गेले. दुतर्फा चॉकलेटचे प्राणी मांडले होते. हरणं, मोर, बैल, शेवटी कोंबड्यांची एक लांब रांग, आणि सगळ्यांची तोंडं दाराकडे. येणाऱ्याकडे बघत असल्यासारखी. आपल्या नेमामुळे ही सगळी मंडळी आपल्यापुरती तरी सुरक्षित आहेत, असा विचार शेठांच्या मनात आला आणि त्यांना थोडं बरं वाटलं. तेवढ्यात दालनाच्या टोकाला अंधारात एक गृहस्थ उभे दिसले. टोपी, सदरा, हात मागे बांधलेले.

शेठांनी रीतीप्रमाणे हात जोडले. "जय जिनेंद्र."

गृहस्थ गप्प. बाजारात उत्तमचंद शेठांच्या जय जिनेंद्राला उत्तर न देणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. शेठांनी आवाज चढवून पुन्हा म्हटलं. गृहस्थांनी मान हलवली नाही, डोळे मात्र रोखून धरले. आता अपमान सहन करायचा तरी किती? शेठ तावातावाने पुढे गेले आणि हातभर अंतरावर थांबले. उजव्या भुवईतला तीळ त्यांच्या ओळखीचा होता. कानावरचे केस ओळखीचे होते. सदऱ्याचं वरून दुसरं बटण, जे सकाळीच तुटलं होतं आणि ज्याबद्दल ते लाडकंवरबाईंना बोलले होते, ते इथेही नव्हतं.

शेठांनी स्वतःच्या छातीला हात लावून पाहिला. छाती होती.

"कसं वाटतंय?" मागून आवाज आला आणि शेठ चांगले वीतभर उडाले. हिंमतराव होते. ते फार आनंदात होते. "तुमच्याच मिरच्या घातल्यात शेठ. पूर्वी मुळात चॉकलेट मिरची घालूनच प्यायचे, माहितीय ना? म्हणून म्हटलं, ह्या दालनात तुम्हीच हवेत. आतून पोकळ आहात, अर्थात. भरीव कोण करतं."

पोकळ हा शब्द शेठांना लागला. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे होती. ह्या पुतळ्याचं पुढे काय होतं, असं त्यांनी सहज विचारलं.

"रविवारी फोडतो," हिंमतराव म्हणाले. "लाकडी हातोडीने. लोकांना वाटून टाकतो, लोक आवडीने खातात. मागच्या खेपेला इथले एक बँडमास्तर होते. फार छान झाले होते, क्लॅरिनेटसकट. रविवारी फोडले." मग त्यांनी आवाज खाली आणला. "बुधवारी बिचारे गेले. वय झालं होतं म्हणा."

शेठांनी बँडमास्तरांचं वय विचारलं. शेठांपेक्षा ते काही फार मोठे नव्हते.

आता उत्तमचंद शेठ भित्रे नव्हते. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता, मांजर आडवं गेलं तर ते मांजरालाच वाट देत. पण हातोडी आपल्या नाकावर पडतेय, आपला कान कुणीतरी कागदात बांधून घरी नेतोय, आणि पुढच्या बुधवारी लाडकंवर एकटीच व्हरांड्यात बसलीय, असं सगळं एकदम त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. पुतळा फुटला की आपण गेलो. हे त्यांनी स्वतःलाही स्पष्ट सांगितलं नाही. तोंडाने ते म्हणाले, "आमच्यात जीवाचा आकार मोडत नाहीत. हा जीव मी सोडवून नेतो."

कत्तलीच्या वाटेवरचं जनावर सोडवून आणायचं, हे पुण्य शेठांच्या घराण्यात नेहमीचं होतं. स्वतःलाच सोडवून आणायची ही पहिली वेळ.

हिंमतरावांनी आधी नकार दिला, मग नियम काढला. वस्तू फक्त संबंधित इसमाच्या ताब्यात देता येते, ओळख पटवा. शेठांनी आधारकार्ड दिलं. हिंमतरावांनी ते शेठांच्या तोंडाशी धरलं, मग पुतळ्याच्या तोंडाशी धरलं, पुन्हा शेठांच्या तोंडाशी धरलं.

"हे त्यांच्याशी जुळतंय," ते विचारात पडून म्हणाले. "तुमच्याशी नाही."

"अहो, मी मी आहे."

"ते खरं हो, पण उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू?" शेवटी दोघांना शेजारी उभं करून मोबाइलवर फोटो काढायचा ठरला. फोटो आला. निळ्या उजेडात दोन उत्तमचंद, दोघांचे चेहरे तपकिरी. हिंमतरावांनी समाधानाने एकावर बोट ठेवलं, "हे तुम्ही." ते बोट पुतळ्यावर होतं. देण्याघेण्याचं काय ते आटोपलं आणि शेठांनी सही केली, तर तीसुद्धा जुळली नाही.

शौकतभाईंनी पुतळा पाहिला, मग शेठांना पाहिलं आणि मनातल्या मनात काहीतरी म्हणून घेतलं. बर्फाच्या लाद्या, ओली पोती, वरून ताडपत्री असा थाट करून टेम्पो निघाला. विसरवाडीच्या अलीकडे एका पोलिसाने हात केला. मागची ताडपत्री उचलली, पोतं बाजूला सारलं. आतून एक तपकिरी, थंड, घामेजलेला चेहरा वर बघत होता.

"कोण हा?"

"ह्या शेठ शेत," शौकतभाईंनी पुढच्या सीटकडे बोट केलं.

पोलीस पुढे आला. शेठांनी हात जोडले. पोलीस मागे गेला, पुन्हा पुढे आला, आणि पावतीपुस्तक खिशात घालून रस्त्याच्या पलीकडच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. शौकतभाई म्हणाले, "पावतीबी फाडी नही. शेठ, माले हाई काही चांगलं दिसत नही."

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. पुतळा मागच्या खोलीत उभा केला, खिडक्यांना ओली पोती लावली आणि झोपायच्या खोलीतला कूलर तिकडे गेला. सुरतेहून मुलगा रिषभ फोनवर म्हणाला, "पप्पा, फ्रीजमध्ये ठेवा ना." शेठांनी फोन ठेवून दिला. उभ्या माणसाला फ्रीजमध्ये ठेवा म्हणणाऱ्या मुलाशी काय बोलायचं? लाडकंवरबाई वारा घेत म्हणाल्या, "जित्ता माणूस उकडी ऱ्हायना अन् चॉकलेटना माणूस कूलरमा."

गल्ली लोटली. जो तो मागच्या अंधाऱ्या खोलीत जाई, पुतळ्याला नमस्कार करी आणि बाहेर येऊन शेठांकडे पाणी मागे. सलीमाभाभी म्हणाली, हे जास्त शांत दिसतात. बाजारातले एक जुने व्यापारी आत जाऊन बराच वेळ मिरचीच्या भावाबद्दल बोलत बसले आणि येताना खूश होते. "आज पहिल्यांदा शेठांनी पूर्ण ऐकून घेतलं," असं ते शेठांनाच सांगून गेले. शेठ आपल्याच घराच्या ओट्यावर पाहुण्यासारखे बसून राहिले. आत कूलरची घरघर चालू होती आणि मधूनच टक्, टक् असा आवाज येई. चॉकलेट गार-गरम झालं की तसं वाजतं, असं शौकतभाईंनी सांगितलं. लाकूडही वाजतं म्हणे. पण लाकडाला कुणी शेठ म्हणत नाही.

सकाळी लाडकंवरबाई पाणी शिंपडायला म्हणून खोलीत गेल्या आणि तिथेच थबकल्या. त्यांनी झटकन पदर कपाळाच्या खाली ओढला, मान खाली घातली आणि उलट्या पावलांनी बाहेर आल्या.

"काय झालं?" शेठांनी विचारलं.

"सासराजी," त्या कुजबुजल्या.

शेठ आत गेले. पुतळ्यावर पांढरी बुरशी यावी तशी साय आली होती. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, गालांवर राखेसारखे डाग. उकाड्यात नेलेलं आणि पुन्हा गार केलेलं चॉकलेट असं पांढरं पडतंच, पण हे शेठांना कोण सांगणार? त्यांच्यासमोर त्यांचे वडील उभे होते, शेवटच्या आजारातले. तेच ओठ, तीच ताठ मान. ते काहीतरी विचारतील आणि आपल्याला उत्तर येणार नाही, अशी लहानपणची भीती शेठांना ह्या वयात पुन्हा वाटली. मग आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, की हे वडील नाहीत, हे आपणच आहोत, फक्त एका रात्रीत पुढे निघून गेलेले.

त्या दिवसापासून लाडकंवरबाई मागच्या खोलीत पदर घेतल्याशिवाय जाईनात आणि घरात मोठ्याने बोलेनात. सूनबाईला धाक घालणारं माणूस घरात परत आलं होतं, आणि ते माणूस कूलरपुढे उभं होतं.

"हे घरात नको," शेठ शेवटी शौकतभाईंना म्हणाले. "सोडवलेला जीव जिथे जातो तिथे नेऊ." म्हणजे पांजरापोळात. म्हातारी, भाकड, सोडवून आणलेली जनावरं तिथे मरेपर्यंत सांभाळतात. तिथले व्यवस्थापक छगनभाई फार सज्जन माणूस. त्यांनी रजिस्टर उघडलं, चष्मा लावला आणि टेम्पोत डोकावून घेतलं.

"गाय की बकरी, शेठ?"

"माणूस."

"शिंगं?"

"नाहीत."

"शेपूट?"

छगनभाईंनी पेन खाली ठेवलं. "शेठ, मी नाही म्हणणार नाही. तुमच्या वडिलांनी इथे हौद बांधून दिलाय. पण इथे गायी आहेत, वासरं आहेत. त्या चाटतात हो. सकाळपर्यंत तुम्ही शिल्लक राहायचे नाहीत."

गोठ्यातल्या गायींनी तोवर वास घेतला होता. सगळ्यांनी माना उंच केल्या आणि एक म्हातारी गाय टेम्पोकडे बघत सावकाश जीभ नाकावरून फिरवू लागली. शेठांना मानेवर काहीतरी ओलं लागल्यासारखं झालं. "चला," ते शौकतभाईंना म्हणाले. "चला लवकर."

घरी येईपर्यंत लाइट गेली होती. ती कधी येईल हे विचारायला शेठांनी तीन ठिकाणी फोन केले. पहिल्या ठिकाणी येईल म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी आलीय म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी कुणी उचललाच नाही. बर्फवाल्याचा बर्फ संपला होता. पुतळ्याखाली पितळेची परात ठेवली आणि शेठ समोर स्टूल घेऊन हातपंख्याने वारा घालत बसले. पुतळ्याचा उजवा खांदा हळूहळू उतरला. मग मान पुढे आली. मग ओठ सुटले आणि तोंड थोडंसं उघडलं. शेठांचाही खांदा दुखत होता, पण तो वारा घालून दुखत असेल.

तेवढ्यात भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग निघालेली दिसली.

शेठांच्या हातातला पंखा थांबला. मुंग्यांना हाकलायचं कसं? लाडकंवरबाई रोज सकाळी बाहेर वारुळाशी पीठ-साखर घालून यायच्या. हे भक्ष्य त्यांचं, वाट त्यांची, आणि एकही पायाखाली गेली तर पाप आपलं. माणसांच्या हातोडीपासून पळालो, गायींच्या जिभेपासून पळालो, आता ह्यांच्यापुढे काय करणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ती गत नव्हती. इथे धरताही येत नव्हतं. शेठांनी पंखा खाली ठेवला, स्टुलावरून उतरून मांडी घातली, हात जोडले आणि नवकार मंत्र म्हणायला सुरुवात केली. पायापासून सुरू करतील, त्यांनी हिशोब केला. म्हणजे अजून थोडा वेळ आहे.

रांग परातीवर चढली. पुतळ्याच्या पायाशी पोचली. पुढच्या मुंग्या थांबल्या, मिशा हलवल्या, बाजूने फिरल्या. मागच्या आल्या, त्याही फिरल्या. बघता बघता पायाभोवती एक काळं, हलतं कडं तयार झालं आणि गोल गोल फिरू लागलं. एकही मुंगी आत येईना. शेठ श्वास रोखून बघत राहिले. मग कडं सुटलं आणि सगळी रांग आली तशी भिंतीकडे परत गेली. मिरची होती ना आत. नंदुरबारची, शेठांच्याच पथारीवरची.

वाचलो, असं शेठांना पहिल्यांदा वाटलं. ते बराच वेळ तसं वाटून घेत बसले. पण खोलीत कुणी नव्हतं, लाइट नव्हती, आणि त्या शांततेत दुसरंच काहीतरी वर आलं. मुंग्या शिळ्या भाकरीला लागतात. मेलेल्या झुरळाला लागतात. आणि इतक्या लांबून येऊन, वास घेऊन, आपल्याला तोंड न लावता परत गेल्या. कुणी खाऊ नये म्हणून आपण गावभर हिंडलो, आणि आता कुणीच खात नाही म्हणून रडू येतंय, हे त्यांना स्वतःलाच कळेना. पण लागलं, खरंच फार लागलं. डोळे पुसायला त्यांनी हात वर केला आणि त्याच क्षणी समोरचा चेहरा घसरला.

फारसा आवाज झाला नाही. नाक आधी गेलं, मग कपाळ पुढे आलं आणि वडील, शेठ, टोपी, तीळ, सगळं हलकेच खाली येऊन परातीत बसलं. शेठांनी आपलं नाक चाचपून पाहिलं.

पायरव ऐकू आला. लाडकंवरबाई पदर ओढून, मान खाली घालून आत आल्या. परातीपाशी येऊन त्यांनी हळूच डोळे वर केले. तिथे नाक नव्हतं, डोळे नव्हते, सासरे नव्हते. तपकिरी, मऊ, चकाकणारा एक गोळा होता. त्यांनी पदर मागे सारला आणि त्या खाली बसल्या.

"आते आकार ऱ्हायना नही," त्या म्हणाल्या.

शेठांना त्या काय करताहेत ते उशिरा कळलं. त्यांचा हात अडवायला पुढे आला होता, पण तोवर लाडकंवरबाईंनी बोटाने एक तुकडा काढून तोंडात टाकला होता. शेठांनी डोळे मिटून घेतले. बँडमास्तर आठवले. बरगड्यांच्या आत कुठेतरी कुणीतरी चिमटीने धरून हळूच ओढल्यासारखं झालं. लाडकंवरबाई तोंड हलवत होत्या, ते ऐकू येत होतं. शेठ वाट बघत राहिले.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "तिखट शे."

शेठांनी डोळे उघडले. लाडकंवरबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक लाल झालं होतं. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"पण माले सवय शे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दुसऱ्या तुकड्याला हात घातला.

"हळू खा," शेठ म्हणाले.